बारा पावलं

पहिला डबा शेवेचा होता.
सुदामानगरच्या कोपऱ्यावरची, लवंगी, एक किलोची.
तीन दिवस सोड्याच्या पाण्यात ठेवला,
उन्हात पालथा घातला, पुन्हा हुंगला,
आणि मला वास येत नाही
म्हणजे वानरालाही येणार नाही, असं धरून चालले.
दुसऱ्या रविवारी, चोरलच्या उतारावर,
झाकण एकीकडे, वही दुसरीकडे,
पेन्सिल मात्र कुरतडून परत ठेवलेली,
जागेवर.

निहार हसला. भाचा आहे, सव्वीसचा,
त्याच्या फोनमध्ये अख्खं जंगल मावतं.
"मावशी, डबा डब्यासारखा दिसू द्यायचा नसतो."

म्हणून दुसरा पाइपाचा केला.
चार इंची तुकडा, नळवाल्या फारुखभाईंकडून फुकट,
दोन्ही टोकांना बूच, बुचाला सायकलच्या ट्यूबचं कडं,
वरून एम-सील, आणि ते ओलं असतानाच
सागाची पडलेली साल दाबून बसवली.
बोटांचे ठसे राहिले, ते नखाने कोरून
सालीचे केले.
रात्रभर बादलीत बुडवला.
सकाळी आत टिपकागद कोरडा!
मी अशी ओरडले
की कर्णिकांनी भिंतीपलीकडून विचारलं, गॅस आला का?

नियम मी स्वतः लिहून काढले.
(तीस वर्षं बांधकाम खात्यात ट्रेसिंग केलंय;
अक्षर बिघडत नाही, गुडघे बिघडतात.)
झाडाला खिळा नाही. खड्डा नाही.
खाण्याची वस्तू तर आता नाहीच.
वाटेवरून दिसू नये, वाकल्यावर दिसावा.
आणि शेवटचा, निहारने खोडलेला, मी पुन्हा लिहिलेला:
जिथे कुणाला बोलवायचं
तिथे थांबावंसं वाटलं पाहिजे.

इतकी वर्षं रस्तेच काढले.
महूचा, मानपूरचा, मग बायपास,
काळ्या शाईच्या दोन रेघा, शेजारी-शेजारी,
आणि त्यांच्यामध्ये मी कधीच न पाहिलेली गावं.
आता एक ठिपका हवा होता
ज्याच्याकडे रस्ता जात नाही.

त्याला तीन रविवार लागले.
एका कपारीत साळिंदराचे काटे निघाले,
एका ढोलीत मधमाश्या, त्यांनी आम्हाला गाडीपर्यंत सोडलं.
शेवटी दगडांची रास, अंजनाच्या मुळाशी,
जिथून नदी दिसत नाही, ऐकू येते.
निहारने अक्षांश-रेखांश वाचले, मी हाताने उतरवले.
आत ठेवलं: वही, पेन्सिल, तांब्याचा एक पैसा,
आणि माझ्या जुन्या रूलिंग पेनचं टोक.

पाच महिने कुणी नाही.

कार्तिकात गेलो तर रास होती, डबा नव्हता.
"गेला," निहार म्हणाला, फोनकडे बघत.
मागे कुणी मोळी उतरवली, धप्प.
"वो लकड़ी ढूँढ रिये हो, जो लकड़ी नी हे?"

रेलमबाई तिचं नाव, हे नंतर कळलं.
आधी तिने आम्हाला ओरडून घेतलं:
अंजनाखाली सागाची साल?
आंधळ्यालाही टोचेल.
आणि इथून आषाढात ओढा वाहतो, एवढंही दिसलं नाही?
डबा तिने वर नेला होता, बारा पावलं,
एका सागाच्या दोन मुळांमध्ये.
वाकल्यावर दिसला.

पैसा होता. टोक नव्हतं.
"काँटा निकालने के काम आया," म्हणत तिने टाच दाखवली.
खरंच, दोन पाती, मध्ये स्क्रू,
तीस वर्षांत मला सुचलं नव्हतं.
त्या जागी पाच गुंजा ठेवलेल्या.
घेतलं तर ठेवावं, हा नियम
मी लिहायचा विसरले होते.

निहार आकडे दुरुस्त करायला लागला.
म्हटलं, राहू दे रे,
आणि गुडघ्यावर वही घेऊन
झोकात एक ओळ लिहिली:
"डबा न सापडल्यास मोळीवाल्या बाईंना विचारावे.
चढाकडे बारा पावलं. त्यांची."

वही डब्यातच असते,
हे सिमरोलचा घाट चढून गेल्यावर
लक्षात आलं.